मैफलीकडे पाठ

आमच्या साडूंनी आयुष्यात एकही कार्यक्रम धड पाहिलेला नाही, आणि ठाण्यापासून कल्याणपर्यंत गेल्या नऊ-दहा वर्षांत ज्या ज्या बंद पडलेल्या इमारतीत गाणं, नाटक, चित्रप्रदर्शन असं काही झालं, त्यातलं एकही त्यांच्यावाचून झालेलं नाही. ही दोन्ही विधानं एकाच माणसाबद्दल खरी कशी, हे कळायला त्यांचा साडू व्हावं लागतं. साडू हे नातंच मुळात विचित्र. भाऊ जन्माने मिळतो, मित्र आपण निवडतो, साडू मात्र रुखवतातल्या न मागितलेल्या भांड्यासारखा बायकोच्या माहेरून येतो. परत करता येत नाही आणि पुढेमागे त्याच्यावाचून अडतं. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईचे, हे यजमान. राहायला डोंबिवली पूर्वेला. मी ठाण्यात कोपरीला राहतो, म्हणजे मध्ये पुरेसं अंतर आहे असं मला लग्नानंतर बरीच वर्षं वाटत होतं. हे सगळं मी आज हसत लिहू शकतो आहे, कारण त्यांचा अलीकडचा एक उद्योग सुखरूप पार पडला. सहा महिन्यांपूर्वी कुणी लिहायला सांगितलं असतं तर मी पेन मोडून टाकलं असतं.

साडू वीज खात्यात मीटर रीडर होते. चौतीस वर्षं त्यांनी डोंबिवली-कल्याणातल्या जिन्यांखाली वाकून, टॉर्च मारून आकडे टिपले. त्यामुळे माणसाची पारख त्याच्या मीटरवरून करायची त्यांना खोड लागली, ती निवृत्तीनंतरही गेली नाही. आमच्याकडे आले की ते आधी जिन्याखाली जातात, मग दोन मजले चढून बेल वाजवतात आणि पायपुसण्यावर उभे राहूनच सांगतात, "पाहुणे, तुमच्या फ्रिजच्या दाराचं रबर गेलंय." मला ते पाहुणेच म्हणतात, स्वतः माझ्या घरी आलेले असले तरी. रबर खरंच गेलेलं असतं. माझ्या पुतण्यासाठी मुलगी बघायला आम्ही कल्याणला गेलो होतो, तेव्हा मुलगी पोहे घेऊन आली तरी साडूंचा पत्ता नव्हता. मुलीचे वडील कावरेबावरे झालेले. शेवटी हे शर्टाला जळमटं लावून वर आले आणि बसता बसता म्हणाले, "होकार देऊन टाका. मीटरची चकती सावकाश फिरते, पण थांबत नाही. म्हणजे दिवसा दिवे जाळत नाहीत, पण देवघरातला बारका बल्ब चालू असतो. माणसं चांगली आहेत." तो संसार उत्तम चालला आहे, म्हणून त्या दिवशी आम्ही किती शरमलो होतो ते आता कुणी काढत नाही.

नोकरीत त्यांना एकच गोष्ट बघवत नसे, ती म्हणजे थांबलेली चकती. जुन्या मीटरमध्ये काचेआड एक पत्र्याची चकती फिरायची, तिच्यावर एक तांबडी खूण असायची. जी जागा बंद, तिथली ती तांबडी खूण महिनोन्महिने एकाच ठिकाणी. दुसरा कुणी रीडर 'जागा बंद' असा शेरा मारून पुढे गेला असता. हे घरी येऊन जेवताना ताईला सांगायचे, "आज त्या गिरणीची चकती हललेली नाही, सहावा महिना." ताई म्हणायची, "मग मी काय करू? आमटी वाढू का?" निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी त्या चकत्यांचं मनावरच घेतलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. "पाहुणे, इमारत बंद पडते आणि इमारत पाडतात, या दोन्हींच्या मध्ये आपल्याकडे पाच वर्षं सहज जातात. भाऊ कोर्टात भांडतात, फाइल महापालिकेत फिरते, बिल्डर नुसते पत्रे ठोकून जातो. ती पाच वर्षं कुणाचीच नसतात. मग ती आपली." मालकाकडे जाऊन ते एवढंच विचारत, "बंद ठेवून तुम्हाला काय मिळतं?" या प्रश्नाला उत्तर असलेला मालक त्यांना अजून भेटायचा आहे. उत्तर शोधता शोधता मालक एका संध्याकाळपुरती किल्ली देऊन बसतो.

कार्यक्रम कसला करायचा हे ठरवायची त्यांची एक रीत आहे. खांद्यावरच्या पिशवीत टॉर्च, हातभर झाडू, उदबत्तीचा पुडा आणि एक जुनाट बल्ब-होल्डर असतो, काळ्या चिकटपट्टीने जागोजाग गुंडाळलेल्या लांबलचक वायरसकट. बंद जागेचं दार उघडलं की बाकी काही करण्याआधी ते हा बल्ब लावतात. मग खोलीच्या मधोमध उभे राहून एकच टाळी वाजवतात आणि मान कलती करून ऐकतात. "इथे नाटक नको. शब्द भिंतीला चिकटतात. सतार बसेल." त्यांना स्वतःला सतार आणि सरोद यांतला फरक कळत नाही, हे मी देवासमोर सांगेन. पण ते कधी चुकले नाहीत. त्यांच्या एकसष्टीला मी त्यांना चार्जिंगचा नवा दिवा भेट दिला, की तो कळकट बल्ब एकदाचा जावा. त्यांनी तोंडभर आभार मानून तो न्हाणीघरात लावला आणि पिशवीत तोच जुना होल्डर राहिला.

ठाण्याच्या वेशीवर एक जकात नाका रिकामा पडला होता. जकात गेली, नाक्याची लांबोडी खोली तेवढी राहिली. साडूंनी तिथे एका तरुण चित्रकाराचं प्रदर्शन भरवलं. दुपारी एक ट्रकवाला जुन्या सवयीने कडेला थांबला, कागद घेऊन आत आला आणि पहिल्याच जलरंगाच्या चित्रापुढे अदबीने उभा राहिला. सकाळपासून एकही प्रेक्षक न मिळालेल्या चित्रकाराने त्याला एकूण बावीस चित्रं समजावून दिली. बिचाऱ्याने सगळी ऐकली. ऐकल्याशिवाय गाडी सुटणार नाही अशीच त्याची समजूत होती. शेवटी म्हणाला, "साहब, रसीद?" चित्रकाराने प्रदर्शनाच्या पत्रकावर सही करून दिली आणि ती घेऊन तो पुढे नाशिकला गेला. साडूंना यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. "वास्तूला सवयी असतात, पाहुणे," ते म्हणाले. "माणूस आत शिरला की ती त्याला जुन्या वळणावर नेते."

याचा पडताळा डोंबिवलीच्या एमआयडीसीत आला. तिथल्या एका बंद रासायनिक कारखान्याच्या कँटीनमध्ये त्यांनी एक दीर्घांक लावला. प्रेक्षक बहुतेक त्याच कारखान्यातले जुने कामगार. आले ते आपोआप खात्याखात्याने बसले, पॅकिंगवाले डावीकडे, बॉयलरवाले पंख्याखाली. नाटकातली म्हातारी आई शेवटचं बोलत होती, समोर दोन-तीन जण डोळे पुसत होते, आणि बरोबर साडेचारला सगळे प्रेक्षक उठून उभे राहिले. शिफ्ट सुटायची वेळ. कुणालाच आपण का उठलो ते कळलं नाही. कळल्यावर ओशाळून परत बसले, पण तोवर आईचं काम करणारी बाई संतापून मरायचं सोडून विंगेत निघून गेली होती. तिला समजावून परत आणायचं काम माझ्याकडे आलं, कारण ही सगळी वर्षं साडूंच्या कार्यक्रमांत उरलेलं प्रत्येक काम माझ्याकडे येत आलं आहे. एरवी माझी नेमणूक चपलांवर. रविवारच्या दुपारी जेवून जरा आडवं व्हावं, तर फोन येतो, "पाहुणे, सतरंज्या आणायच्यात." घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. माझ्या बाबतीत ते घोडं साडूंनी धाडलं एवढाच फरक.

आणि एवढ्या लष्कराच्या भाकऱ्या भाजून हा माणूस कार्यक्रम पाहत नाही, हे सगळ्यात न उलगडणारं. पडदा उघडला, तंबोरा लागला, की साडू मैफलीकडे पाठ करतात आणि मीटरकडे तोंड करून उभे राहतात. लोड किती येतो, वायर तापते का, चकती कशी फिरते. लोक टाळ्या वाजवत असतात, साडू चकतीकडे बघत असतात. कार्यक्रम कसा झाला म्हणून विचारलं तर म्हणतात, "सुरेख. पावणेचार युनिट." एकदा एका नर्तिकेने रंगमंचावरून त्यांचे जाहीर आभार मानले, तर ते मीटरकडे बघूनच हात जोडते झाले. ताई म्हणते, "आमच्या लग्नातसुद्धा सप्तपदीच्या वेळी हे हॉलच्या मेन स्विचकडे बघत होते. मी सात पावलं चालले, यांनी किती मोजली कोण जाणे."

आता ज्या जागेसाठी हे सगळं लिहायला बसलो, ती सांगतो. डोंबिवली स्टेशनपासून दहा मिनिटांवर एक दुमजली प्रसूतिगृह आहे. वरच्या मजल्यावर त्याच्या डॉक्टरीणबाई एकट्या राहतात. वय ऐंशीच्या पुढे, आवाज मात्र अजून खालच्या मजल्यावर ऐकू जाईल असा. चाळीसएक वर्षं डोंबिवलीतली निम्मी जनता त्यांच्या हातून जगात आली. आठ वर्षांपूर्वी एके दिवशी टाका घालताना हात थरथरला, तेव्हा त्या बाईला घरी सोडून त्यांनी खालच्या मजल्याला कुलूप लावलं आणि पुन्हा म्हणून आत पाऊल टाकलं नाही. बारा लोखंडी खाटा, पाळणे, वजनकाटा, सगळं जिथल्या तिथे. साडूंनी आजवर अनेक बंद जागा उघडल्या होत्या, पण या जागेभोवती ते आठ वर्षं नुसतेच घोटाळत होते. बंद जागा म्हणून तिथला जुना चकतीचा मीटरही बदलायचा राहून गेला होता. तो बाहेरच्या बोळातून खिडकीच्या गजांतून दिसतो. साडू रोज दूध आणायला त्या बोळातून जात आणि खिडकीपाशी मिनिटभर थांबत. एकदा मी त्यांना गजांतून हात घालून मीटरची काच रुमालाने पुसताना पाहिलं. विचारलं तर म्हणाले, "धूळ फार आहे इथे." मग किल्ली मागा की, असं मी म्हटलं, तर म्हणाले, "बाई रागीट आहेत." खुद्द आपल्या साहेबांना न भ्यालेला हा माणूस डॉक्टरीणबाईंना भीत होता.

मग बातमी आली की बाईंनी ती जागा घरपोच सामान पोचवणाऱ्या एका कंपनीला गोदामासाठी द्यायचं ठरवलं आहे. सोमवारी माणसं येऊन खाटा भंगारात काढणार, मधल्या भिंती पाडणार. त्या आठवड्यात साडूंचं जेवण सुटलं. ताईचा फोन आला, "अरे, तू तरी ये. हे ताटावर बसून नुसते भाताकडे बघतात." मी गेलो, तर त्यांनी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं. "पाहुणे, तुम्ही बोला बाईंशी. एक रविवार. पुढे गोदाम होईना का, पण एकदा तिथे दिवे लागलेले मला बघायचेत. एवढं झालं की मी पिशवी ठेवली." पिशवी ठेवली, म्हणजे सगळंच सोडलं. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता, माझे रविवार मोकळे झाले असते. पण त्यांचा चेहरा बघून मी चपला घालून तडक प्रसूतिगृह गाठलं. मी जिना चढलो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सहा ते आठ. आठला किल्ली माझ्या हातात. लेबर रूममध्ये चपला नाहीत. आणि गडबड मला खपत नाही." एक संध्याकाळ मिळाली, पण सोमवारचं गोदाम बाईंच्या शब्दाने ठरलेलं होतं, आणि बाई शब्द फिरवणाऱ्यांतल्या नव्हत्या.

साडूंनी टाळी वाजवून ठरवलं, गाणं. लेबर रूमला छतापर्यंत पांढऱ्या फरशा, तिथे आवाज घोटीव येतो, माइकसुद्धा नको. कल्याणच्या एक गायिका आनंदाने तयार झाल्या. समोरच्या वॉर्डातल्या खाटा कडेला लोटून तीस-चाळीस माणसांची सोय केली. इथवर सगळं ठीक होतं. पण साडूंनी मोबाइलवर निमंत्रण लिहिलं आणि आयुष्यात कधी नव्हे ते त्यांना काव्य सुचलं. त्यांनी शेवटी एक ओळ घातली: 'ज्यांचा जन्म या वास्तूत झाला, त्यांची जागा राखून ठेवलेली आहे.' ही ओळ डोंबिवलीत मोबाइलोमोबाइली फिरली, आणि डोंबिवलीकर माणूस राखून ठेवलेल्या जागेची गोष्ट फार गंभीरपणे घेतो.

साडेपाचपासून माणसं यायला लागली. एकटी कुणी नाही. जन्मलेला आणि जन्म देणारी, अशा जोड्यांनी. पन्नाशीला आलेले, पोट सुटलेले इसम आईचा हात धरून, काही ठिकाणी आईने त्यांचा हात धरून. आत आल्या की आया सतरंजीकडे ढुंकून बघत नव्हत्या. "माझी चार नंबर, खिडकीपाशी." "हा इथे झाला. साडेआठ पौंडांचा. सरळ बस रे." कडेला लोटलेल्या खाटा लोकांनी ओढून परत आपापल्या जागी लावल्या. चार नंबरवर दोन बायकांनी हक्क सांगितला. "अहो, मी पाच दिवस होते इथे." "मी सात. माझे टाके पिकले होते." यावर पहिलीने मुकाट्याने सरकून जागा दिली आणि दोघी एकाच खाटेवर बसल्या. मी चपलांपाशी उभा राहून हे बघत होतो, तोच आमची सौ. माझ्यादेखत पर्स सावरत सात नंबरला जाऊन बसली. पहिलं बाळंतपण माहेरी, डोंबिवलीत, म्हणून आमचा मुलगा इथलाच. मी तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून एकच वर्तमानपत्र चार वेळा वाचलं होतं.

सहा वाजले तेव्हा गायिका लेबर रूममध्ये तंबोरा लावून बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर कुणीही नव्हतं. सगळे श्रोते चार वॉर्डांत, बारा खाटांवर, पाळण्यांच्या आसपास, मधल्या पॅसेजमध्ये. बोलावून कुणी येईना. कशी कोण जाणे, पण गायिकाबाईंना मौज वाटली. त्या उठल्या, पॅसेजच्या मधोमध सतरंजी घालून बसल्या, म्हणाल्या, "ज्याला जिथे हवं तिथे बसू दे." आणि यमन सुरू केला. त्या फरशांवरून सूर असा सरकत गेला की कोपऱ्यातल्या बारा नंबरलाही जवळून ऐकू यावा. मी थोडा सुटल्यासारखा श्वास घेतला आणि साडूंना शोधलं. ते लेबर रूमच्या दाराशी, त्या जुन्या मीटरकडे तोंड करून, सगळ्यांकडे पाठ करून उभे होते. हातात तोच काळ्या चिकटपट्टीचा बल्ब. चकती फिरत होती. आणि त्यांच्याजवळ ताई, पेढ्यांचं तबक घेऊन. सगळे आपापल्या खाटेवर होते. ताई आणि साडूंना मूलबाळ नाही. सौ. सात नंबरला होती तेव्हा रोज डबा घेऊन, डिंकाचे लाडू करून ताईच आली होती, आणि आज एवढ्या गर्दीत बसायला जागा नसलेली ती दोघंच होती. निमंत्रणातली ती ओळ लिहिताना साडूंच्या हे ध्यानात आलं असेल का, असं मनात आलं आणि मला आत कुठेतरी फार वाईट वाटलं.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. डॉक्टरीणबाई आठ वर्षांनी खाली उतरल्या होत्या. दारातली दीडशे जोड्यांची रास बघून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी त्यातल्या दोन जोड्या उगाच सरळ केल्या. "ही गडबड खपत नाही असं मी सांगितलं होतं." मला वाटलं, आटोपलं. बाई आत शिरल्या, पहिल्या वॉर्डाच्या दाराशी थांबल्या. खाटा जागच्या जागी. खाटांवर बायका. शेजारी त्यांची मुलं, टकलं पडलेली, चष्मे लागलेली. बाईंनी सगळा वॉर्ड एकदा नजरेखालून घातला. मग काठी डाव्या हातात घेतली आणि एक नंबरपासून राउंड सुरू केला.

गाणं चालूच होतं. बाई प्रत्येक खाटेशी थांबून हळू आवाजात विचारत होत्या. "काय, झोप लागते का?" "हल्ली नाही लागत, बाई." "दुपारचा चहा बंद कर." पुढच्या खाटेवर, "टाके?" "आता नाही दुखत हो, बाई." त्यापुढच्या गृहस्थांकडे बोट करून, "हा लगेच रडला होता का?" त्याची आई म्हणाली, "नाही. तुम्ही उलटा धरून चापट मारलीत तेव्हा रडला." बाईंनी त्या गृहस्थांकडे नीट पाहिलं, "बरं केलं." ते गृहस्थ एका बँकेत मोठे साहेब आहेत. ते खाटेवरून उठून उभे राहिले आणि बाईंच्या पाया पडले.

राउंड संपवून बाई पॅसेजच्या टोकाला, लेबर रूमच्या दाराशी आल्या आणि थबकल्या. साडू मीटरकडेच बघत होते. बाईंनी त्यांची पाठ खालपासून वरपर्यंत निरखली. "ही पाठ मी ओळखते," त्या म्हणाल्या. साडू हलले नाहीत, पण मानेवर घाम आलेला मला दिसला. बाई ताईकडे वळल्या. "तुमचे का हे? तीसएक वर्षं झाली असतील. भर दुपारी टेबलावर बाई अडलेली आणि नेमकी आमच्याच इमारतीची लाइट गेली. इन्व्हर्टर कुठले तेव्हा. हा मनुष्य आकडा टिपायला आला होता. मी दंडाला धरून आत ओढला, म्हटलं उजेड द्या. याने शेजारच्या शिंप्याच्या दुकानातून वायर ओढली आणि बल्ब धरून उभा राहिला. मी म्हटलं, तोंड भिंतीकडे करा. सव्वा तास उभा होता, हात मागे वळवून, खांद्यावरून बल्ब धरून. मुलगी झाली."

ताईने हातातलं तबक सावरलं. फ्रिजच्या रबरापासून महापालिकेच्या फाइलपर्यंत ज्या माणसाच्या पोटात काही राहत नाही, त्याने ही एवढी एक गोष्ट तीस वर्षं घरात काढली नव्हती. "अहो, मला सांगितलं नाहीत कधी?" साडू मीटरकडे बघतच पुटपुटले, "मीटर रीडरने लाइनला हात लावायचा नसतो. मेमो मिळाला असता." आणि मग बाईंना म्हणाले, "बाई, तेवढं खात्यात कळवू नका." "तुम्ही रिटायर नाही का झालात?" "झालोय. पण पेन्शन चालू आहे."

हातातल्या काळ्या चिकटपट्टीच्या त्या होल्डरकडे तेव्हा माझं लक्ष गेलं, आणि प्रत्येक बंद जागेत शिरल्यावर आधी तो बल्ब का लागायचा ते मला कळलं. न्हाणीघरातल्या त्या नव्या दिव्याची मला फार लाज वाटली.

घड्याळात आठला पाच मिनिटं होती. साडूंनी मागे न बघताच खिशातून किल्ली काढली आणि हात मागे करून बाईंपुढे धरली. शब्द म्हणजे शब्द. बाईंनी ती घेतली नाही. "तुमच्याकडेच राहू दे," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी गोदामवाले येतील. त्यांना सांगा, खाटा रिकाम्या नाहीत." साडूंनी किल्ली परत खिशात घातली आणि वरून दोनदा चाचपली. मला एकदम हलकं वाटलं. ते हलकं वाटणं मी पूर्वी एकदाच, त्याच इमारतीत, बाहेरच्या बाकावर अनुभवलं होतं. बाई जायला वळल्या, परत थांबल्या. "आणि त्या दिवशी घाईत माझं एक सांगायचं राहून गेलं. बाळ पुसलं, बाळंतीण वॉर्डात गेली, मी हात धुऊन जेवायला वर गेले, आणि हा आपला भिंतीकडे तोंड करून उभाच. आयाबाई येऊन सांगेपर्यंत." त्यांनी काठी साडूंच्या खांद्याला हलकेच लावली. "वळा आता इकडे. दोघीही सुखरूप आहेत."

साडू वळले. त्यांच्यामागे चकती फिरत होती आणि ते तिच्याकडे बघत नव्हते. यमनाचा शेवटचा भाग त्यांनी समोर तोंड करून ऐकला, ताईच्या हातातलं तबक आपल्या हातात घेऊन. काही कळलं असेल असं नाही.

पिशवी अर्थातच ठेवली गेली नाही. दर महिन्याच्या एका रविवारी तिथे काहीतरी असतं, आणि चपलांवर मी असतो. ही इमारतही कधीतरी पडणार, बाई आहेत तोवरच तिचं आयुष्य, हे साडूंना आमच्यापेक्षा जास्त चांगलं माहीत आहे. पण ते त्यावर बोलत नाहीत. लेबर रूमच्या दाराशी एक जुना बाक आणून ठेवला आहे, तिथे ते आणि ताई बसतात. ती दुपारची मुलगी कोण, कुठे असते, ते बाईंनाही आठवत नाही आणि जुन्या वह्या वाळवीने खाल्ल्या. म्हणून कार्यक्रम संपला की साडू दारात जाऊन उभे राहतात आणि तिशीच्या आसपासची कुणी बाहेर पडताना दिसली, की आधी ताईकडे बघतात, मग संकोचून विचारतात, "तुमचा जन्म दुपारचा का हो?" त्या मुली चमकतात, हसतात, म्हणतात, "आईला विचारावं लागेल, काका."

"विचारा," साडू म्हणतात. "घाई नाही."